पाच नंबरची खूण

१२ जून

आजपासून मी उमरझरीची रहिवासी. बेल्यापासून ऑटोने अर्धा तास, त्यातली दहा मिनिटं एका म्हशीने रस्ता सोडला नाही म्हणून गेली. सकाळी आदिलाबादच्या स्टँडवर बाबा सोडायला आले होते. आयुष्यभर बँकेत बसलेला माणूस! शेजारच्या प्रवाशाला अगदी कौतुकाने सांगत होते की मुलगी इंजिनियर झाली आणि आता चिखल मोजायला निघाली. मी म्हटलं, बाबा, चिखल नाही, गाळ. तर म्हणाले, पायाला दोन्ही सारखेच लागतात.

काम चार महिन्यांचं आहे. इथल्या तलावात पावसाळ्यात किती गाळ येतो आणि कुठे बसतो, ते मोजून वहीत भरायचं. ठेका एका खासगी कंपनीचा, आणि माझे साहेब म्हणजे हैदराबादचे भार्गव सर. ते फोनवर निम्मं तेलुगू आणि निम्मं हिंदी बोलतात आणि गाळाला ‘पूडिका’ म्हणतात.

खोली छान आहे. दार रस्त्याकडे, खिडकी तलावाकडे. घर बापूजींचं. बापूजी, त्यांच्या बायको शकुबाई आणि मुलगा संतोष, एवढीच माणसं, शिवाय हिऱ्या आणि भुऱ्या हे दोन बैल. संतोष पस्तिशीचा असेल. लग्नाचं नाव काढलं की गोठ्यात पळतो, असं शकुबाईंनी पहिल्या चहालाच सांगून टाकलं. तो खरंच गोठ्यात गेला.

१५ जून

मोजणी सुरू. तलावात फिरवायला मोतीराम आहेत. इथले जुने मासेमार, तराफा बांबूने ढकलतात आणि मला एक अक्षरही विचारत नाहीत. माझ्याकडे दोन काठ्या आहेत, दोन्हींवर फूट आणि बोटांच्या खुणा. एकीच्या टोकाला लोखंडी थाळी. ती गाळाच्या वर अडते. दुसरी टोकदार, ती गाळातून जाऊन खालच्या मुरमाला लागते. दोन्ही आकड्यांमधला फरक म्हणजे गाळ. इतकं सोपं काम आहे की चौथीतलं पोर करेल.

एकूण आठ जागा ठरवल्या. प्रत्येक जागी बांबू रोवून नंबर टाकला. जिथे पाय टेकतो तिथे पांढरं फडकं, जिथे रुततो तिथे लाल. पाच नंबर घाटाच्या पायऱ्यांसमोरच आहे, सात-आठ पावलांवर. गाळ सहा बोटं, खाली टणक मुरूम. पांढरं.

एकच गोष्ट जमत नाही. तो वास. आणि काठी उपसताना हाताला लागतं ते गार, बुळबुळीत. मला लहानपणापासून किळस आहे. मोतीराम बघत होते, मी सहा वेळा हात धुतले.

भार्गव सरांनी वहीचा फोटो बघून अक्षराची तारीफ केली. अक्षर माझं आहेच मोत्यांसारखं, उगीच विनय कशाला?

९ जुलै

शकुबाई पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवतात. तीन फेरे, मग हात काढून घ्यायचा आणि मडक्याला कोणी हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, पाण्याले उगी बसू देल्लं का ते आपोआप सगळं खाली टाकते. एवढ्याशा वाक्यात आमचं अख्खं पुस्तक आलं. धावतं पाणी माती उचलतं, थांबलं की सोडून देतं. जड रेती आधी पडते, डाळीतल्या खड्यासारखी. बारीक माती मात्र दिवसेंदिवस तरंगत राहते आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात आत जाऊन बसते.

मी फुशारकीने हे बापूजींना समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले की पोरी, हे तं आमच्या बैलालेबी ठाव हाय.

६ ऑगस्ट

चार दिवस नाल्याला पूर होता. वरच्या टेकडीवर यंदा झाडं तोडून मुरूम खणलाय, तिथली सगळी माती खाली आली. तलाव चहासारखा झालाय. सर म्हणाले की पाणी निवळलं की आठही जागा पुन्हा मोजायच्या, कारण ताजा गाळ फसवा असतो. तो पेजेसारखा बसतो. वरून तळ दिसतो, पण तो तळ नसतो.

२४ ऑगस्ट

आज फेरमोजणी. एक ते चार झाल्या. दीड फूट, दोन फूट, काठी उपसताना कोपरापर्यंत बरबटले. तेवढ्यात मोतीरामना वांकिडीहून फोन आला, बहिणीची तब्येत बिघडली. ते तराफा बांधून निघून गेले. उद्या-परवा येतो म्हणाले.

आकडे आजच पाठवायचे होते. मी बांधावर बाभळीच्या सावलीत बसले आणि पाच ते आठ भरून टाकले. जूनच्या आकड्यांत कुठे दोन बोटं मिळवली, कुठे तीन. सगळीकडे सारखीच मिळवली असती तर खोटं वाटलं असतं. पाच नंबर : आठ बोटं. फडकं पांढरंच राहू दिलं.

थोडी लबाडी झाली. पण चार बोटं इकडे-तिकडे झाल्याने कोणाचं काय अडतंय? आणि पान दिसतंय मात्र सुरेख.

२८ ऑगस्ट

गावात एक रीत आहे, मला आज कळली. पोळ्याला बैल घाटावर धुतात. त्याआधी गावातली चार जाणती माणसं हातात हात धरून पाण्यात उतरतात आणि पायाने तळ चाचपत घाटासमोरची जागा फिरून येतात. मग बैल कुठवर न्यायचे ते ठरतं. दरवर्षी पुढे बापूजी असतात.

आज पारावर बापूजींनी सांगितलं की यंदा उतरायची गरज नाही. आपल्या मॅडमनं मोजून कागदावर लिवलं हाय, पाच नंबरच्या पांढऱ्या फडक्यापर्यंत पाय टेकते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक म्हातारे तर हात जोडून हसले.

मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण बापूजी इतक्या अभिमानाने सांगत होते, आणि मला त्या सगळ्यांसमोर खोटारडी व्हायचं नव्हतं. उद्या मोतीराम आले की गुपचूप मोजून टाकेन.

१ सप्टेंबर

मोतीराम अजून आले नाहीत. बहिणीचं जास्त आहे म्हणे. एकटीने तराफा नेता आला असता का? आला असता. दोनदा घाटापर्यंत जाऊन परत आले.

उद्या पोळा. संध्याकाळी खांदशेकणी. संतोषने हिऱ्या-भुऱ्याच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळलं, जू घासून घासून जिथे कातडी जाड झाली होती तिथे. मग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी हसले. तो लाजला, आणि लाजत लाजत मलाही म्हणाला की मॅडम, तुमालेबी आवतन हाय.

तीन महिन्यांत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

२ सप्टेंबर

संतोष गेला. हिऱ्यापण.

तो सगळ्यात आधी उतरला होता. पांढऱ्या फडक्यापर्यंत गेला, त्याच्या पुढे पाऊलही टाकलं नाही. हिऱ्या बसला, बसला असंच वाटलं, पण तो खाली जात होता. संतोष कासरा सोडेना. भुऱ्या कसाबसा मागे फिरला. लोकांनी दारं, फळ्या, खाटा आणून टाकल्या. मी पायरीवर उभी होते. माझ्या पायाला पाणीसुद्धा लागलं नव्हतं.

दोन तासांनी काढलं.

३ सप्टेंबर

हे लिहायलाच हवं, कुठेतरी असायला हवं.

पहाटे घाटावर गेले. फळ्या तशाच होत्या. त्यांच्यावरून रांगत पाच नंबरपर्यंत गेले, पांढरं फडकं सोडलं आणि लाल बांधलं. गाठ दोनदा सुटली. पांढरं ब्लाऊजमध्ये खोचून आणलं आणि गादीखाली ठेवलं.

नऊला पंचनाम्याला तहसीलचे गिरदावर साहेब आले. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पारावर बोलणं झालं तेव्हा खूण पांढरी होती, पण नंतर पुन्हा मोजून मी लाल बांधली होती. सणाचा दिवस, गर्दीत लक्ष गेलं नसेल. काल पांढरं होतं असं दोघं-तिघं म्हणाले, पण बांबूवर लाल होतं आणि वहीत माझं मोत्यांसारखं अक्षर होतं. वहीतलं ते पान मी रात्रीच पुन्हा लिहिलं होतं, आणि आधीच्या फोटोत चूक होती म्हणून सरांनाही नवं पाठवलं होतं. कोणीतरी मागून म्हणालं, घेतली असंन बाप्पा पोळ्याची. मी त्यावर काही बोलले नाही. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. संतोष चहाशिवाय कशाला शिवत नव्हता, हे मला माहीत होतं.

बापूजी ऐकत होते. टोपी काढून हातात धरून उभे होते.

६ सप्टेंबर

माझ्या तांब्याच्या तळाशी गाळ. बोटभर. शकुबाईंच्या मडक्यातलं पाणी स्वच्छ, माझ्याच तांब्यात.

त्या अजूनही मला दोन वेळचं वाढतात. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, तुमी काऊन उपाशी राह्यता, तुमचा काय दोष हाय?

घास गिळताना दाताखाली कचकच होते.

१० सप्टेंबर

थाळीची काठी खोलीच्या कोपऱ्यात उभी असते. पोळ्याच्या आधीपासून ती पाण्यात गेलेली नाही. आज सकाळी ती खालून ओली होती. सहा बोटांच्या खुणेपर्यंत चिखल, वर कोरडी. रेघ अगदी सरळ.

पुसून ठेवली. वीस वेळा हात धुतले.

११ सप्टेंबर

आठ बोटं.

१४ सप्टेंबर

मोतीराम परत आले. बहीण गेली. मी दुःख व्यक्त केलं, त्यांनी मान हलवली. मग घाटाकडे बघत म्हणाले की मॅडम, मी तं त्या रोजी नोतो, मंग पाच नंबरले तुमी कोनासंगं गेल्या?

मी सांगितलं, पायऱ्यांवरून काठी टाकून मोजलं. सात-आठ पावलांवर, पायऱ्यांवरून! त्यांनी पुन्हा मान हलवली. त्यांनी ओरडायला हवं होतं.

आज एक फूट.

१७ सप्टेंबर

ज्या ज्या दिवशी खोटं बोलते त्या दिवशी काठीवर गाळ जास्त चढतो. गप्प राहिले तरी चढतो, फक्त कमी. हे मी नीट पाहिलंय, तारखेवार लिहून ठेवलंय. हे आकडे मात्र खरे आहेत.

भुऱ्या वैरण खात नाही. दावं ताणून माझ्या दाराकडे तोंड करून उभा असतो.

२० सप्टेंबर

शकुबाईंनी माझं अंथरूण उन्हात टाकलं. मी तलावावर होते. परत आले तर दोरीवर पांढरं फडकं वाळत घातलेलं. धुऊन. माझ्याच हाताने कोपऱ्यात लिहिलेला पाच आकडा पुसट दिसत होता.

संध्याकाळी घडी करून उशीवर ठेवलं होतं.

त्यांना वाचता येत नाही. पण आकडा? आकडा तर कोणालाही कळतो.

लाज वाटते. आता सांगेन म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. त्या भाकरी थापत होत्या, वर न बघता म्हणाल्या, बसा, गरम देतो. मी बसले. जेवले. उठून आले.

२४ सप्टेंबर

बापूजी पारावर जात नाहीत. लोक म्हणतात पोराने पिऊन बैल घातला. काल त्यांनी मला विचारलं, हळू आवाजात, की मॅडम, तुमी तं शिकलेल्या, खरं सांगा, माझ्या लेकाले लाल फडकं दिसलं नसंन का?

खरं सांगा म्हणाले ते.

मी म्हटलं, पाण्यावर ऊन होतं.

दीड फूट. एका दिवसात पाच बोटं.

२६ सप्टेंबर

फरशी कोरडी दिसते. झाडली तर धूळ निघते. पण सकाळी पाय टेकला तर बोटभर आत गेला — गार, बुळबुळीत — ओढून काढला तर स्वच्छ.

पेजेसारखं. वरून तळ दिसतो.

२८ सप्टेंबर

घोट्यापर्यंत. दारापर्यंत चार पावलं आहेत, फळी टाकून जाते. शकुबाईंनी फळी पाहिली.

बाबांना फोन केला. आवाज ऐकून रडू आलं. त्यांनी विचारलं, चिखल जास्त आहे का गं तिकडे? मी म्हटलं — नाही.

२९ सप्टेंबर

सरांनी कळवलं, काम उत्तम, अहवाल मंजूर. पाच नंबरचं पान नमुना म्हणून दाखवणार आहेत.

पान नमुना —

३० सप्टेंबर

अवसेला महिना होतो. परवा. त्याच्या नावाचं पान वाढायचं आहे, हिऱ्याच्याही नावाचं. शकुबाई म्हणाल्या, तुमी या जेवाले, त्यानं तुमाले आवतन देल्लं होतं.

त्यांना कसं माहीत? त्या तेव्हा आत होत्या. गोठ्यात फक्त मी आणि

१ ऑक्टोबर

सकाळी उठले तर दोन्ही खांदे जड. गाऊनवर गाळ. चोळलेला. बोटांचे ठसे आहेत, हळुवार, दुखेल म्हणून जपून चोळावं तसे. मानेच्या मागे, जिथे जू —

कानाशी ओलं आहे.

तेच शब्द. त्याचाच आवाज, तितकाच लाजरा. आज आवतन घ्या.

रागावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळ. बापूजींना हाक मारली, खिडकीतून. सगळं सांगते म्हणाले. ते आले, खिडकीशी उभे राहिले, टोपी हातात. मी म्हटलं — पाणी हवंय.

त्यांनी आणून दिलं. दोन्ही हातांनी.

२ ऑक्टोबर

सकाळ. पलंगावर आहे. काठीवरची रेघ पलंगाच्या पट्टीएवढी वर आली. दार दिसतंय, फळी दिसत नाही.

वड्यांचा वास. आत पानं मांडत आहेत. दोन माणसांची, एक त्याचं, एक बैलाचं. आणि अजून एक मांडलं, आवाज आला.

लिहून देते. मी, चैत्राली सुधाकरराव. २४ ऑगस्टला पाच ते आठ नंबर मोजलेच नाहीत. सावलीत बसून भरले. फडकं पांढरं होतं. लाल मी बांधलं, तीन तारखेला पहाटे. पान मी बदललं. संतोष पांढऱ्याच्या पुढे गेला नाही. तो प्यायला नव्हता. बापूजी, तुमचा मुलगा माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून

शकुबाई हाक मारतायत. जेवाले या.

हे पान त्यांच्या हातात द्यायचं. चार पावलं. वहीच्या नियमाप्रमाणे आधी आकडा — खोलीतला गाळ, सकाळी दहा वाजता : दोन फूट चार बोटं.

नाही. हाही खोटा. मी उतरलेच नाही, काठीकडे लांबून बघून लिहिला. आजही. आताही.

उतरते. पाय टेकला की खरा आकडा लि